लिफ्टिंग टॅकलवर आरएफआयडी चिप: एका फॅब्रिकेशन कारखान्याचं प्रकरण

प्रेशर व्हेसल आणि जड स्ट्रक्चर बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. तीन बे (शेडचे लांब भाग), छताखालच्या रुळांवर चालणाऱ्या सहा ईओटी क्रेन, दोन शिफ्ट, आणि निम्मे रिगर, म्हणजे क्रेनला भार बांधणारे, ठेकेदाराचे. इथे मांडलेला कारखाना कुठला एक विशिष्ट नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या एमआयडीसीत या धर्तीचं काम चालतं. हिशोब करता यावा म्हणून आकडे त्या आकाराला साजेसे धरले आहेत.

रजिस्टरप्रमाणे टॅकल, म्हणजे क्रेनला भार अडकवायचं साहित्य, असं: १४० बेल्ट स्लिंग, ९० वायर रोप स्लिंग, ४० चेन स्लिंग, २६० शॅकल (पिनेनं बंद होणाऱ्या यू आकाराच्या कड्या), ६० आय बोल्ट, २५ चेन ब्लॉक, १२ प्लेट क्लॅम्प आणि ६ स्प्रेडर बीम. एकूण ६३३ नग. वर्षातून एकदा सक्षम व्यक्ती, म्हणजे कायद्यानं मान्य केलेला तपासनीस, येते, तपासते, सर्टिफिकेट देते आणि फाईल लागते. कागदावर सगळं चोख.

शॉपमध्ये मात्र गोंधळ आहे. रजिस्टरात ‘वायर रोप स्लिंग क्र. ४७, ५ टन, ३ मीटर’ अशी नोंद आहे. मधल्या बेमध्ये ५ टनी, ३ मीटरच्या तीन स्लिंग लटकताहेत. एकीची ॲल्युमिनियमची पट्टी तुटली आहे, दुसरीवरचा पंच रंगाखाली गेला आहे, आणि तिसरीवर कुणीतरी मार्करनं ४७ लिहिलं आहे. यातली मागच्या वर्षी तपासलेली कुठली? सक्षम व्यक्तीनं तेव्हा ‘दोन तारा तुटलेल्या, लक्ष ठेवावे’ असा शेरा मारला होता, तो कुठल्या स्लिंगसाठी? सांगता येत नाही. मग तिन्ही स्लिंग नव्यानं बघितल्या जातात, तिन्ही आज ठीक दिसतात, आणि मागच्या शेऱ्याचा धागा तिथेच तुटतो.

खरं दुखणं हे आहे. लिफ्टिंग टॅकल एका दिवसात खराब होत नाही. ते झिजतं, ताणलं जातं, हूक हळूहळू उघडतो. झीज ओळखायची तर याच नगाचं आधीचं माप हातात हवं. आरएफआयडीचा, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचल्या जाणाऱ्या ओळख-चिपेचा, उपयोग इतकाच, पण तो फार मोलाचा आहे: चिप वाचली की समोर असलेल्या नेमक्या नगाचं पहिल्या दिवसाचं आणि मागच्या खेपेचं माप पडद्यावर येतं. नग सुरक्षित आहे की नाही हे चिपला कळत नाही. ते व्हर्नियर आणि डोळेच सांगतात. हा फरक विसरून बसवलेली यंत्रणा सहा महिन्यांत पाट्या टाकण्याचं नवं साधन होते.

कायदा काय मागतो

कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम २९ नं चौकट घालून दिली आणि कारखान्यांची सवय तिच्यातच घडली. सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांत निदान एकदा कसून तपासणी, सुरक्षित कार्यभार (नग किती टन उचलू शकतो) आणि ओळखचिन्ह नगावर ठळक, आणि दोन्हींची नोंद रजिस्टरात. साखळी, रोप स्लिंग, हूक, शॅकल, स्विव्हल, क्लॅम्प हे सगळं ‘लिफ्टिंग टॅकल’च्या व्याख्येत येत होतं. ‘कसून तपासणी’चा अर्थही त्या कायद्यात सांगितला होता: डोळ्यांनी तपासणी, गरज पडली तर भाग उघडून, आणि नगाच्या सुरक्षिततेबद्दल भरवशाचा निष्कर्ष निघेल इतक्या काळजीनं.

यातलं ओळखचिन्ह हा शब्द चिपच्या बाजूचा वाटतो, पण चिप ठळक दिसत नाही. रिगरला उचल घेताना टनेज डोळ्यांनी वाचता आलं पाहिजे. अमेरिकेतल्या एएसएमई बी३०.९ या स्लिंगच्या मानकाप्रमाणे तर स्लिंगचं लेबल हरवणं किंवा न वाचता येणं हेच स्लिंग बाद करायला पुरेसं कारण आहे. म्हणून नियम पहिल्याच दिवशी ठरवावा: लेबल गेलं की नग बाजूला, चिप चालू असली तरी.

वर्षाची मुदत ही कमाल आहे, हेही ध्यानात ठेवावं. ब्रिटनमध्ये १९९८ च्या लोलर नियमांनुसार स्लिंग-शॅकलसारख्या साहित्याची कसून तपासणी सहा महिन्यांनी होते, यंत्रांची वर्षानं. दोन शिफ्ट चालणाऱ्या कारखान्यानं स्वतःची तिमाही तपासणी लावावी आणि रोजचं वापरापूर्वीचं बघणं रिगरकडे ठेवावं.

कुठली चिप

विक्रेता बहुधा यूएचएफ, म्हणजे दुरून वाचली जाणारी चिप, दाखवायला आणतो. हातातलं यंत्र रॅकसमोर फिरवलं की पाच मीटरवरून चाळीस नग ‘वाचले’. बघणारा खूश होतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी विनापरवाना वापरता येतो. टोलनाक्यावरचा फास्टॅगही यूएचएफच. गेटवर मोजदाद करायला, साईटवर गेलेला माल परत आला का ते बघायला हे उत्तम.

तपासणीला मात्र नेमकं हेच नको. तपासणाऱ्याच्या हातात एक शॅकल आहे आणि यंत्रानं शेजारच्या बारा शॅकलचे नंबर उचलले, तर नोंद कुणाची? शिवाय दुरून वाचता येणारी चिप म्हणजे खुर्चीत बसून तपासणी उरकायची सोय, उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार. चिप वाचण्यासाठी नग हातात घ्यावाच लागला पाहिजे. हा अडथळा नाही, हीच या कामातली सोय आहे.

म्हणून इथे १३.५६ मेगाहर्ट्झची एचएफ चिप, आयएसओ १५६९३ जातीची. लहान चिप मोबाईलला अगदी टेकवून, एक-दोन सेंटिमीटरवरून वाचली जाते. एनएफसी असलेले अँड्रॉइड फोन ती वाचतात, त्यामुळे प्रत्येक बेसाठी महागडं यंत्र घ्यावं लागत नाही. गेटवरची मोजदादही हवी असेल तर दोन्ही पट्ट्यांवर चालणाऱ्या चिपा मिळतात. त्या फक्त साईटवर जाणाऱ्या स्प्रेडर बीम आणि चेन ब्लॉकना लावाव्यात.

धातूचा प्रश्न एचएफलाही आहे. साधं स्टिकर लोखंडाला चिकटवलं की चिप मुकी होते, कारण रीडरच्या चुंबकी क्षेत्रामुळे लोखंडात भोवरी प्रवाह तयार होतात, ते क्षेत्र खाऊन टाकतात आणि अँटेनाचा सूर बिघडवतात. चिपच्या मागे फेराइटचा थर हवा. खरेदीच्या ऑर्डरमध्ये ‘धातूवर बसवण्याची, फेराइट थर असलेली, सीलबंद’ हे शब्द असावेत, आणि पूर्ण माल घेण्याआधी दहा नमुने मागवून तुमच्याच शॅकलवर, तुमच्याच फोननं वाचून बघावेत. फोनागणिक अँटेनाची जागा वेगळी असते; एका मॉडेलला वरच्या कडेला, दुसऱ्याला पाठीच्या मध्यावर. सगळ्या बेना एकाच मॉडेलचे फोन दिले की ‘वाचत नाही’च्या निम्म्या तक्रारी उगवतच नाहीत.

काय टॅग करायचं, काय नाही

सगळे ६३३ नग टॅग करण्याचा मोह टाळावा. आय बोल्ट जॉबबरोबर ग्राहकाकडे निघून जातात. त्यांना चिप लावणं म्हणजे चिपा कुरिअर करणं. ते टूल रूममध्ये आकारवार खाच असलेल्या पाटीवर ठेवायचे आणि दर तिमाहीला तपासून त्या तिमाहीचा ठरलेला रंग मारायचा. २ टनांखालच्या शॅकलचंही तेच. धरलेल्या हिशोबात असे शॅकल ११० आहेत. ६० आय बोल्ट आणि हे ११० वगळले की चिपेसाठी उरतात ४६३ नग.

रंगाची पद्धत मोडीत काढू नये. तिमाहीचा रंग क्रेनखाली उभ्या असलेल्या माणसाला दहा फुटांवरून दिसतो, चिप दिसत नाही. दोन्ही एकत्र चालवायचे: चिपवर नोंद होऊन नग पास झाला की तिथल्या तिथे रंग.

बसवणी

अर्धं यश इथे ठरतं. पहिला नियम असा की भार घेणाऱ्या भागाला ड्रिल नाही, वेल्डिंग नाही, ग्राइंडिंग नाही. उष्णतोपचार केलेल्या मिश्र पोलादाच्या कडीवर वेल्डिंगचा एक टाका पडला तरी त्या जागची धातूची ठेवण बदलते, आणि तडा तिथूनच सुरू होऊ शकतो. चिप बसवण्यासाठी शॅकलला भोक पाडणारा ‘अनुभवी’ फिटर प्रत्येक कारखान्यात एक तरी असतो. त्याच्याशी आधीच बोलून घ्यावं. ज्यांना नगातच चिप हवी त्यांनी ती निर्मात्याकडूनच बसवून घ्यावी. रड, पेवाग, क्रॉस्बी यांच्याकडे चिपसह येणारं साहित्य आहे.

चेन स्लिंगला जागा सोपी आहे. मास्टर लिंकला, म्हणजे वरच्या मोठ्या कडीला, लोंबणारी टनेजची धातूची पट्टी असते, तिच्याच कडीत बटणाच्या आकाराची चिप ओवायची. चेन स्लिंग हा जोडून बनवलेला नग आहे, हे नोंदीत दिसलं पाहिजे. कनेक्टिंग लिंक सोडवून एक पाय बदलला, तर स्लिंगचा नंबर तोच राहतो पण एका पायाचं वय शून्य होतं. त्यामुळे नोंद पायवार हवी: पाय १, पाय २, प्रत्येकाची साखळी, हूक, बदलल्याची तारीख.

वायर रोप स्लिंगला फेरूलवर, म्हणजे टोकाचा डोळा (फास) आवळून धरणाऱ्या धातूच्या नळीवर, चिप चिकटवून चालत नाही. स्लिंग जमिनीवरून ओढली जाते आणि पहिला मार फेरूल खातो. दीड ते दोन मिलिमीटरची स्टेनलेस तार डोळ्याच्या मुळाशी, फेरूलच्या थोडं वर सैल फिरवून क्रिंप करायची आणि तिच्यात चिप. तार आवळली तर ती रोपच्या तारांत रुतते, फार सैल ठेवली तर हूकमध्ये अडकते. एक बोट सहज फिरेल इतकी जागा पुरते. त्याच वेळी फेरूल आणि रोप यांच्या सांध्यावर रंगाची एक आडवी रेघ मारून घ्यावी. रोप फेरूलमधून तसूभर जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसते.

बेल्ट स्लिंग सगळ्यात नाजूक. भार घेणाऱ्या पट्ट्यावर कारखान्यातल्या शिलाई मशीननं खिसा शिवायचा नाही. सुई धागे तोडते. जुन्या बेल्टना डोळ्याच्या मुळाशी लूपची चिप लावायची, नवे बेल्ट घेताना लेबलाखाली चिप शिवून मागायची. ईएन १४९२ या युरोपीय मानकाप्रमाणे बनलेल्या बेल्टमध्ये लेबलाचा एक भाग शिलाईखाली दबलेला असतो, म्हणजे बाहेरचं लेबल फाटलं तरी निर्माता आणि नंबर सापडतो. चिपही त्याच जागी सुरक्षित राहते.

मोठ्या शॅकलला चिप नेहमी बॉडीला, पिनला कधीच नाही. पिना एकमेकांत बदलतात, आणि वाईट म्हणजे पिनेच्या जागी साधा बोल्ट येतो. चिप बॉडी ओळखेल आणि हिरवा रंग दाखवेल, पण आत बसलेला बोल्ट तिला कळणार नाही. तपासणीच्या फॉर्ममध्ये ‘पिन मूळची आहे का, पिनेवरची खूण काय’ हा वेगळा प्रश्न म्हणूनच सक्तीचा.

चेन ब्लॉक, क्लॅम्प आणि स्प्रेडर बीमला दोन भागांचं इपॉक्सी चालतं. रंग खरवडायचा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं पृष्ठभाग खरखरीत करायचा, ॲसिटोननं पुसायचा, चिप दाबून बसवायची आणि डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण द्यायचा. सकाळी चिकटवून दुपारी नग बेमध्ये पाठवला की संध्याकाळी चिप झाडूत सापडते. वरून रंग मारायचा असेल तर ॲल्युमिनियम किंवा झिंक असलेला नको. तो धातूचा पडदाच होतो.

उष्णतेबद्दल एक गोष्ट. क्रोम-मोली पोलादाच्या जोडाला १५० ते २०० अंश प्रीहीट, म्हणजे वेल्डिंगआधीची तापवणी, असतं. ग्रेड ८० ची (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीची श्रेणी) साखळी २०० अंशांपर्यंत पूर्ण भार घेते, २०० ते ३०० मध्ये ९० टक्के आणि ३०० ते ४०० मध्ये ७५ टक्के. साधी चिप त्याच्या कितीतरी आधी मरते. त्यामुळे चेन स्लिंगची चिप अचानक बंद पडली तर नवी लावण्याआधी विचारावं: ही कुठल्या जॉबवर होती? पॉलिएस्टर बेल्टची मर्यादा १०० अंश. प्रीहीटच्या जॉबला तो जाताच कामा नये.

पहिली मोजणी

एका नगाला धुणं, लटकवणं, मापं, फोटो, चिप, वाचन आणि नोंद मिळून पाच मिनिटं धरा. ४६३ नगांना २,३१५ मिनिटं, म्हणजे साधारण ३९ तास. दिवसाचं खरं काम सहा तासांचं धरलं तर दोन माणसांच्या जोडीला सात दिवस. एक मापतो, दुसरा लिहितो. एकट्यानं करू नये: हात तेलकट असताना फोनवर टाइप करणारा माणूस मापं आठवणीतून भरतो.

काम बेमध्ये नाही, टूल रूममधल्या टेबलावर, चांगल्या उजेडात. बेल्ट सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवायचा, साखळी वायर ब्रशनं. ॲसिडचं नावही नको; उच्च ताकदीच्या साखळीला पिकलिंगच्या, म्हणजे ॲसिडनं गंज काढायच्या, टाकीत हायड्रोजन शिरून ठिसूळपणा येतो. तपासून चिप लावलेल्या नगाला त्या आठवड्यापुरता हिरवा केबल टाय. ठरलेल्या तारखेनंतर टाय नसलेला नग दिसला की उचलून कुलपात.

मोजणीत बेवारस नग निघतातच. टनेज नाही, सर्टिफिकेट नाही, पण ‘चांगलं आहे, पाच टनाचं असेल’ असं सांगणारे पाच जण आहेत. जाडी बघून टनेज ठरवायचं नाही. साखळीवर ८, ८० किंवा १०, १०० अशी ग्रेडची खूण शोधायची. खूण नसेल तर ती साखळी उचलीला नाही. खूण आहे पण कागद नाही, तर सक्षम व्यक्तीकडून प्रूफ लोड चाचणी (कार्यभाराहून जास्त भार टाकून बघणं) आणि सर्टिफिकेट, नाहीतर भंगार. या आठवड्यात रजिस्टर आणि वास्तव यांतला जो फरक निघतो तो व्यवस्थापनाला जसाच्या तसा दाखवावा. त्याची सारवासारव केली तर पुढचं सगळं खोट्या पायावर उभं राहतं.

सगळ्यात मोलाचं म्हणजे पायाभूत मापं. चेन ब्लॉकच्या हूकचं तोंड किती उघडं आहे? बऱ्याच हूकांवर निर्मात्याच्या दोन खुणा असतात, त्यांच्यातलं अंतर घ्यायचं. आज ते ४०.० मिमी नोंदलं, तर एएसएमई बी३०.१० या हूकच्या मानकातल्या ५ टक्क्यांच्या हद्दीनं ४२.० मिमीला हूक बाद. निर्मात्याच्या पुस्तिकेत याहून कडक हद्द असेल तर ती धरायची. पहिलं माप नसेल तर दोन मिलिमीटरची वाढ नुसत्या डोळ्यांना कधीच कळणार नाही. आणि वाकडा किंवा पिळलेला हूक मापायची वाट न बघता बाद.

चिपेत काय लिहायचं, हा प्रश्न हटकून येतो. आयकोड स्लिक्ससारख्या साध्या चिपेत वापरायला ११२ बाइट जागा असते. नगाचा क्रमांक आणि सुरक्षित कार्यभार एवढंच लिहावं आणि ते ब्लॉक कायमचे लॉक करावेत. पुढच्या तपासणीची तारीख चिपेत नको. मुदत बदलली, नग मध्येच बाद झाला, की चिप शिळी माहिती सांगत राहते. तारीख आणि इतिहास नोंदवहीच्या सर्व्हरवर. चिप बनतानाच तिच्यात पडलेला आठ बाइटचा क्रमांक हा दुवा. पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यांत नेटवर्क मिळत नाही, म्हणून ॲप नेटवर्कशिवाय चालणारं आणि नंतर नोंदी पाठवणारं घ्यावं. हे विकत घेण्याआधी बेच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात उभं राहून तपासावं.

तपासणी: चिप वाचल्यानंतरची चार मिनिटं

फॉर्ममध्ये ‘ठीक / ठीक नाही’ अशी दोनच बटणं असतील तर सगळे नग ठीकच निघतात. फॉर्मनं आकडा मागितला पाहिजे, आणि आकड्यावरून निकाल यंत्रणेनं काढला पाहिजे.

१० मिमीची ग्रेड ८० साखळी घ्या. नवी असताना एका पायाचा कार्यभार ३.१५ टन, दोन पाय असतील तर उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत ४.२५ टन, ४५ ते ६० अंशांत पुन्हा ३.१५. दोन मापांची सरासरी मूळ जाडीच्या ९० टक्क्यांखाली गेली की साखळी बाद, म्हणजे इथे ९.० मिमी. साखळी ताणलेली असताना मापू नका. ती सैल करा, दोन कड्या एकमेकींवर घासतात ती आतली जागा उघडी करा, आणि तिथेच काटकोनातली दोन मापं घ्या. समजा एका दिशेनं ९.३ आणि दुसऱ्या दिशेनं ८.५ आलं. फक्त पहिलं माप घेणारा ‘चालेल’ म्हणून पुढे जातो. सरासरी ८.९. साखळी गेली. फॉर्ममध्ये दोन वेगवेगळे चौकोन असले की दुसरं माप टळत नाही.

वायर रोप स्लिंगला बी३०.९ ची मोजणी: एका ले-लांबीत (स्ट्रँड, म्हणजे रोपमधला तारांचा पेड, एक पूर्ण वेढा घेतो तितकी लांबी) विखुरलेल्या दहा तुटक्या तारा, किंवा एका स्ट्रँडमध्ये एका ले-लांबीत पाच, की बाद. तारा मोजताना हात फिरवायचा नाही. रोप किंचित वाकवून चिंधी ओढली की तुटकी तार चिंधीत अडकते. मुरडलेला भाग, पेड सुटून पिंजऱ्यासारखा फुगलेला भाग, चेपलेला भाग यांना मोजणी नाही, थेट बाद. शॅकलची झीज मूळ मापाच्या १० टक्क्यांवर गेली की बाद. बेल्टला कडेचा काप, वेल्डिंगच्या ठिणगीची भोकं, उसवलेली शिलाई, कडक झालेला भाग. काही बेल्टमध्ये आत लाल धागे असतात ते दिसले की बाद, पण लाल धागा दिसत नाही म्हणून बेल्ट चांगला, असं उलटं म्हणायचं नाही.

पडद्यावर मागच्या खेपेचं माप कधी दाखवायचं, हे बारीक पण फार महत्त्वाचं आहे. आधी दाखवलं तर तपासणारा तेच किंवा ०.१ कमी करून भरतो. आधी नवं माप भरून घ्यायचं, मग जुनं दाखवायचं. नवं माप जुन्यापेक्षा मोठं आलं तर यंत्रणेनं थांबवून पुन्हा मापायला लावावं. साखळी वर्षागणिक जाड होत नाही.

कुठे फसतं

नव्याचे नऊ दिवस सरले की पहिली पळवाट दिसते: चिपा एकामागून एक वाचल्या जातात, मापं घरी बसून भरली जातात. यावर उपाय वेळेच्या नोंदीत आहे. दोन वाचनांमधलं अंतर काढा. चाळीस शॅकल बारा मिनिटांत झाले असतील तर एकेकाला अठरा सेकंद मिळाली, आणि अठरा सेकंदांत पिन काढून बघता येत नाही. सेफ्टी ऑफिसरनं आठवड्यातून एकदा ही यादी बघावी आणि तपासणाऱ्याला शिक्षा करण्याआधी विचारावं, त्याला या कामासाठी वेळ दिला होता का. बहुतेक वेळा दिलेला नसतो.

दुसरी पळवाट चिप हलवण्याची. बाद बेल्टची चिप नव्या, बिनसर्टिफिकेटच्या बेल्टला. म्हणून चिप अशी बसवायची की काढताना तार तोडावीच लागेल. फोटोही हवा, कारण क्रमांक जुळला तरी निळ्या लेबलाचा ३ टनी पिवळा बेल्ट आणि हातातला लाल बेल्ट जुळत नाहीत हे फोटोत लगेच दिसतं. ॲपमध्ये क्रमांक हातानं टाइप करायची सोय ठेवावीच लागते, पण अशी प्रत्येक नोंद वेगळ्या रंगात दिसावी. एखाद्या बेमधून अशा नोंदी वाढल्या तर तिथे चिपा मरताहेत किंवा कुणी टेबलावर बसून तपासतंय.

चिपा मरतातही. शॉट ब्लास्टिंगच्या खोलीत गेलेलं टॅकल, ट्रेलरवरून फेकलेल्या स्लिंग, दोन प्लेटांमध्ये चेपलेलं बटण. मेलेली चिप म्हणजे बाद नग नव्हे. लेबलावरचा नंबर वाचता येत असेल तर पूर्ण तपासणी करून नवी चिप, आणि जुना चिप-क्रमांक त्याच नगाच्या इतिहासात ‘बदलला’ म्हणून जमा. नवा नग म्हणून उघडला तर सगळा इतिहास पुसला गेला. चिपही मेलेली आणि लेबलही नाही, तर नग बाद. इथे दयामाया नको.

बाद नग आणि ठेकेदाराचा माल

फोनवर लाल पट्टी आली आणि स्लिंग परत त्याच खुंटीला लटकली, तर रात्रपाळी ती वापरते. टूल रूममध्ये कुलपाची लाल पेटी हवी, वरून टाकता येईल पण हात घालून काढता येणार नाही अशा तोंडाची. किल्ली एकाच अधिकाऱ्याकडे. आठवड्याला पेटी उघडून बेल्टचे दोन्ही डोळे कापायचे, वायर रोप मधोमध तोडायची, शॅकलच्या बॉडीला गॅसनं चीर द्यायची, चिप काढून क्रमांक ‘बाद’ करायचा आणि कापलेल्या नगाचा फोटो जोडायचा. अख्खी स्लिंग भंगारात दिली तर ती बाजारात जाऊन एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये पुन्हा हूकला लागते. तिथल्या माणसाच्या डोक्यावर तोच भार असतो.

सक्षम व्यक्ती येते त्या दिवशी यंत्रणेनं तिला आयता निकाल द्यायचा नाही. तिच्या हाती प्रत्येक नगाचा मापांचा आलेख द्यायचा आणि तपासणी तिची तिला करू द्यायची. सर्टिफिकेटवर सही तिचीच, आणि रजिस्टराची छापील प्रत फाईलला. ज्या वीस-पंचवीस नगांची झीज वेगानं वाढते आहे त्यांची यादी आधी काढून ठेवली तर तिचा वेळ नेमक्या जागी जातो.

ठेकेदाराचं टॅकल गेटवरच थांबवायचं. सर्टिफिकेट बघायचं, टेबलावर नग तपासायचा, आणि वेगळ्या रंगाची तात्पुरती चिप लावायची, जिची मुदत गेट पासबरोबर संपते. काम संपून माल बाहेर पडताना चिप कापून परत घ्यायची. एकही चिप कमी भरली तर ठेकेदाराच्या गेट पासचा हिशोब पूर्ण होत नाही आणि शेवटचं बिल पुढे सरकत नाही, ही अट वर्क ऑर्डरमध्येच लिहिलेली असावी. नंतर सांगितलेली कुणी पाळत नाही.